कपाटात ठेवलेले पट

माझ्याकडे निळ्या पुठ्ठ्याची एक वही आहे. तिच्यात मी शंका लिहिते. किराण्याची यादी वेगळ्या वहीत, शाळेच्या कार्यालयातली कामं वेगळ्या वहीत, तशा शंका वेगळ्या. शाळेत लिपिक म्हणून वीसेक वर्षं काढल्यावर एक गोष्ट पक्की कळली आहे. तोंडी विचारलेल्या प्रश्नाला तोंडी उत्तर मिळतं आणि ते दुसऱ्या दिवशी बदलतं. लेखी विचारलं की समोरचा माणूस निदान जरा थांबतो.

दोन वर्षांपूर्वी त्या वहीत एकाच विषयावर तेवीस शंका जमा झाल्या. विषय होता नागपूरची एक हौशी संघटना. तिला आम्हाला मदत करायची होती.

आम्ही म्हणजे आर्णीच्या एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर शनिवारी दुपारी चारला बुद्धिबळ खेळायला जमणारी अकरा माणसं. या मंडळाला नाव नाही. गावात आम्हाला 'शनिवारवाले' म्हणतात. माझे वडील तहसील कार्यालयात होते आणि निवृत्तीनंतरही इथे खेळायला यायचे. ते गेल्यावर त्यांच्याकडची सोंगट्यांची पिशवी परत द्यायला मी गेले, तर खोलीची किल्ली कोणाकडे आहे हेच कोणाला ठाऊक नव्हतं. दोन हत्ती हरवले होते आणि त्यांच्या जागी बाटल्यांची झाकणं ठेवून डाव चालला होता. मी किल्ली शोधली, सोंगट्या मोजल्या, माठ धुवून घेतला. पुढच्या शनिवारी पुन्हा गेले. खेळ मला बेताचाच येतो, पण खोली चालवता येते.

तिथे जो डाव चालतो तो शाळांच्या स्पर्धांमधला नव्हे. तो जुना देशी डाव आहे. प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर चालतं. दोन्ही राजे समोरासमोर नसतात. राजासमोर वजीर बसतो. राजाला एकदाच, तेही तोपर्यंत शह बसलेला नसेल तरच, घोड्यासारखी अडीच घरं जाता येतं. सगळ्यात मानाचा विजय प्याद्याने केलेली मात. आणि समोरच्याच्या सगळ्या सोंगट्या मारून त्याचा राजा एकटा उरला, तर तो डाव 'बुर्जी' होतो. म्हणजे जिंकत आलेला माणूस जिंकत नाही. जिंकायचं असेल तर समोरच्याचं काहीतरी पटावर जिवंत ठेवावं लागतं.

हा डाव आमच्यात सगळ्यात चांगला येतो तो बसस्टँडजवळच्या टेलर मास्तरांना. वय बहात्तर-त्र्याहत्तर. आमचे सगळे पट त्यांनीच शिवलेले: पांढऱ्या मांजरपाटावर लाल दोऱ्याची शिवण घालून पाडलेली चौसष्ट घरं. काळी-पांढरी घरं नाहीत. देशी पटाला ती लागत नाहीत. मास्तरांची मापाची वही प्रसिद्ध आहे. सुलट्या बाजूने गिऱ्हाइकांची छाती, बाही, उंची. वही उलटी करून मागून उघडली की प्यादेमातीचे डाव, पेन्सिलीने आखलेले. काही त्यांना त्यांच्या वडिलांकडून मिळालेले, काही त्यांनी स्वतः रचलेले. एक वही भरली की ते नवी वही घेतात आणि मागची सगळी पानं हाताने पुन्हा उतरवून काढतात. अशी ही पाचवी वही. तसे डाव दुसरीकडे कुठे लिहिलेले मी पाहिले नाहीत.

तर त्या वर्षी वाचनालयाच्या समितीचं पत्र आलं. मागची खोली अभ्यासिकेसाठी हवी आहे. मंडळ नोंदणीकृत असल्यास, अथवा एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेचं त्याला पाठबळ असल्यास, तसं पत्र जूनपूर्वी सादर करावं. नोंदणीला आमच्यातले सगळेच तयार नव्हते. अध्यक्ष कोण, उपाध्यक्ष कोण, यावरून भांडणं नकोत, असं त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबर होतं. मोठ्या संस्थेला जोडून घ्यायलाही कोणी राजी नव्हतं. गावातल्या तबला-पेटीवाल्यांचं आम्ही पाहिलं होतं. ते एका महामंडळाला जोडले गेले. पहिल्या वर्षी नवी सतरंजी आली. दुसऱ्या वर्षी फलकावर महामंडळाचं नाव मोठं आणि त्यांचं बारीक झालं. तिसऱ्या वर्षी त्यांच्याच कार्यक्रमाला त्यांच्याच म्हाताऱ्या तबलजीला पास नाही म्हणून दारात थांबवलं.

आमच्यातल्या एका तुरीच्या व्यापाऱ्याची मुलगी नागपूरला असते. तिने कळवलं की तिथे बैठे खेळ खेळणाऱ्या हौशी लोकांची एक संघटना आहे. सारीपाट, कॅरम, बुद्धिबळ, पत्ते, सगळंच. ते गावोगावच्या स्वतंत्र मंडळांना सामील करून घेत नाहीत, पण लागेल ती मदत करतात. समितीला दाखवायला पत्रही देतात.

"फुकट?" मी विचारलं.

व्यापारी म्हणाले, "फुकट म्हनते पोरगी. आता फुकट कायले देतात, थे तुम्हीच इचारा ताई. तुमच्या वहीत पानं लय हाये."

मी विचारलं. तेवीस प्रश्न, क्रमांक घालून, टाइप करून, पोस्टाने. दहाव्या दिवशी उत्तर आलं, तेही क्रमांक घालून, एकही प्रश्न न गाळता. यानेच माझी शंका वाढली. इतक्या शिस्तीत उत्तरं देणारी माणसं हौशी कशी असतील?

फलकावर तुमचं नाव लागेल का? नाही. आमच्या सभासदांची यादी मागाल का? नाही. फोटो काढाल का? तुम्ही काढा म्हटलं तरच. नववा प्रश्न होता, आम्ही कोणत्या नियमांनी खेळावं अशी तुमची अपेक्षा आहे? उत्तर: ज्या नियमांनी खेळत आला आहात त्याच. याच्यापुढे मी लाल पेनाने 'फार गोड' असं लिहिलं.

सतरावा प्रश्न मी मुद्दाम टोचेल असा घातला होता. तुमच्या मदतीमुळे याआधी कोणाचं नुकसान झालं आहे का? त्यांनी लिहिलं होतं, हो. एका गावात सारीपाट खेळणाऱ्या बायकांचं मंडळ होतं. आम्ही त्यांना स्पर्धा घेऊन दिली, घरोघरचे वेगवेगळे नियम एकसारखे करून दिले, ढालही दिली. दोन वर्षांत जिंकणाऱ्या चौघी उरल्या, बाकीच्या यायच्या थांबल्या, मग त्या चौघीही थांबल्या. तेव्हापासून आम्ही कोणाच्या नियमांना हात लावत नाही.

हेही मी लाल केलं. विश्वास बसावा म्हणून थोडी चूक कबूल करायची, ही पद्धत मी तपासणीला येणाऱ्या साहेबांपुढे पुष्कळांना वापरताना पाहिली आहे.

तेविसावा प्रश्न: तुमचे पदाधिकारी बदलले तर ही उत्तरं बदलतील का? उत्तर तीनच शब्दांचं: सांगता येत नाही.

पत्राच्या शेवटी त्यांनी कळवलं होतं की पत्र देण्याआधी त्यांच्यातले दोघं एका शनिवारी येऊन बसतील. मंडळ खरोखर भरतं एवढंच पाहायचं आहे. चहा-नाश्त्याची व्यवस्था करू नये.

त्याच्या आदल्या शनिवारी मी सगळ्यांना बसवून ठरवून टाकलं. पाहुणे येतील तेव्हा देशी डाव खेळायचा नाही. शाळेतून मी छापील पुठ्ठ्याचे पट आणते, काळ्या-पांढऱ्या घरांचे. तिकडच्या, म्हणजे शाळांच्या स्पर्धांमधल्या नियमांनी खेळायचं: प्यादं पहिल्यांदा दोन घरं, राजा-हत्तीची अदलाबदल, जेवढं जमेल तेवढं. मांजरपाटाचे पट कपाटात, कपाटाला कुलूप. आणि मास्तरांची वही दुकानातच राहू द्यायची.

"काहून?" मास्तरांनी विचारलं.

मी समजावून सांगितलं. वही दिसली की ते पाहायला मागतील, पाहिली की फोटो काढतील, फोटो काढला की छापतील, आणि एकदा छापलं की डाव त्यांचा झाला. आपल्याला फक्त पत्र हवं आहे. पत्र घ्यायचं आणि काहीच द्यायचं नाही.

मास्तर काही बोलले नाहीत. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मास्तरांचं गप्प राहणं मी होकारात धरलं. शाळेच्या बैठकांच्या इतिवृत्तात मी वर्षानुवर्षं हेच लिहीत आले आहे: सर्वानुमते.

ते दोघं नागपूरहून यवतमाळमार्गे एसटीने आले. एक पंचेचाळिशीच्या बाई, बँकेत नोकरीला असलेल्या, आणि एक गृहस्थ, जे सबंध दुपारभरात चारच वाक्यं बोलले असतील. एसटीने का आले असावेत, याचाही मी विचार केला. गाडी दाखवायची नसेल. बाईंच्या खांद्याला कापडी पिशवी होती आणि मी त्या पिशवीकडे लक्ष ठेवून होते.

डाव मांडायला सुरुवात झाली आणि पहिलाच घोटाळा झाला. आमच्यातल्या एका शेतकऱ्याने सवयीने राजासमोर वजीर बसवला. मी घाईने जाऊन स्वतःच्या हाताने तो फिरवला. बाई पाहत होत्या.

मग त्या मास्तरांसमोर बसल्या. मास्तरांनी आठवडाभर तिकडचे नियम घोकले होते, हे मला मागाहून कळलं; दुकानात गिऱ्हाइकाचं माप घेता घेता ते प्यादं दोन घरं, प्यादं दोन घरं असं पुटपुटायचे म्हणे. सुरुवात बरी झाली. दोनदा त्यांचा हात राजाकडे गेला, अडीच घरांचा अंदाज घेतला आणि मागे आला. मग त्यांनी एक प्यादं दोन घरं पुढे टाकलं, बाईंच्या प्याद्याला ओलांडून अगदी शेजारी. बाईंनी आपलं प्यादं तिरकं सरकवलं आणि मास्तरांचं प्यादं पटावरून उचललं.

मास्तर त्या रिकाम्या घराकडे पाहत राहिले. "हे कोनं मारलं?" त्यांनी विचारलं. त्या घरात कोणी आलंच नव्हतं.

बाईंनी हळू आवाजात सांगितलं की प्यादं दोन घरं चाललं तर त्याच खेळीला त्याला असं शेजारून मारता येतं, तसा नियम आहे. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मला तो नियम शाळेच्या स्पर्धांमुळे माहीत होता. त्यांना सांगायचा राहून गेला होता. माझ्या यादीत तो नव्हता. मी मान हलवली. हो, आहे.

त्यानंतर डाव फार चालला नाही. बाई वजीर न वापरता खेळायला लागल्या, ते सगळ्यांच्या लक्षात आलं, आणि मास्तरांच्याही. हरल्यावर त्यांनी चष्मा घडी करून खिशात ठेवला, "बरं हाये," म्हणाले आणि उठून गेले. पाहुण्यांनी पाण्याचा ग्लास घेतला, सगळ्यांचे आभार मानले आणि साडेपाचच्या गाडीने गेले. पिशवीतून त्यांनी काहीच काढलं नव्हतं. मी वहीत नोंद केली: फोटो नाही, यादी नाही, वहीची चौकशी नाही. माझ्या मते काम फत्ते झालं होतं.

पुढच्या शनिवारी मास्तर आले नाहीत. मला वाटलं लग्नसराई आहे, कपडे शिवायचे असतील. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाहीत. तिसऱ्या शनिवारी आम्ही पाचच जण होतो. मांजरपाटाचा एकच पट कपाटातून काढून अंथरला होता आणि डाव मांडायला कोणी पुढे होत नव्हतं. शेतकरी म्हणाले की मास्तर नसले तर एवढ्या लांबून कायले याचं. व्यापारी माठातलं पाणी प्यायले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पत्र आलं की फ्रेम करून लावू ताई. खोलीत खेळाले कोनी नसलं तरी पत्र त राहीन."

मी घरी येऊन यादी केली. जून जवळ आला होता. खोली राहिली आणि माणसं गेली तर खोलीचा काही उपयोग नव्हता. मास्तर आले नाहीत तर दिवाळीपर्यंत आम्ही तिघं उरू, आणि त्या वहीच्या मागच्या बाजूला काय आहे ते समजणारं गावात कोणी राहणार नाही. मी ज्यांच्यापासून डाव वाचवत होते त्यांनी काहीही नेलं नव्हतं. त्यांच्या मदतीशिवायच मी तो बंद पाडत होते. हे मी त्या वेळी वहीत लिहिलं नाही. त्या वहीत दुसऱ्यांबद्दलच्या शंका असतात.

त्याच आठवड्यात नागपूरचं पाकीट आलं. आत समितीसाठी पत्र होतं, सरळ साधं: हे मंडळ नियमित भरतं, ते स्वतंत्र आहे, आमच्या संघटनेचं त्याला पाठबळ आहे आणि आमचा त्याच्यावर कोणताही अधिकार नाही. शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. सोबत बाईंची वेगळी चिठ्ठी होती. तुमच्या एका सदस्यांनी राजासमोर वजीर मांडला आणि तुम्ही तो फिरवलात. समोर बसलेल्या काकांचा हात राजावरून अडीच घरं फिरला. तुम्ही देशी डाव खेळता असं मला वाटतं. दाखवायचा नसेल तर हरकत नाही. पण हिंगणघाटकडे एक शेतकरी आहेत, ते तोच डाव खेळतात आणि त्यांच्या गावात आता जोडीदार उरलेला नाही. तुमची परवानगी असेल तर त्यांना तुमच्या मंडळाचा पत्ता देऊ का? नसेल तर देणार नाही.

मी फोन केला. यातून तुम्हाला काय मिळणार, असं सरळच विचारलं. बाई म्हणाल्या की दोन माणसं खेळताना शेजारी बसायला मिळेल, बाकी काही नाही, आणि त्यांना खेळ पाहायलाच आवडतो. मग त्यांनी मास्तरांबद्दल विचारलं. तो डाव आपण तसा, वजीर न वापरता, खेळायला नको होता, म्हणाल्या, आपल्या ते अर्ध्यातच लक्षात आलं होतं, पण मध्येच उठणं आणखी वाईट दिसलं असतं. मी म्हटलं, मास्तर त्यानंतर आलेले नाहीत. फोन कट झाला की काय म्हणून मला दोनदा हॅलो म्हणावं लागलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मास्तरांच्या दुकानात गेले. ते मशीनवर होते. मी कपाटाची किल्ली काउंटरवर ठेवली, कारण माफी कशी मागायची हे मी ठरवून आले नव्हते.

मास्तरांनी पायडल थांबवलं. किल्लीकडे पाहिलं.

"थ्या बाईनं नाही हरवलं मले," ते म्हणाले. "हारन्याचं काय हाये, तुमच्या वडलानं मले शंभरदा हरवलं असन. तुम्ही माह्या हातचे पट कपाटात घातले ताई. पाहुना येनार म्हनून फाटकी गोधडी लपवते ना मानूस, तसे."

मी म्हटलं की तसं नव्हतं, चोरीला जाऊ नये म्हणून लपवलं.

"मंग लोकाले कसं समजावं? लाजून लपवली का जपून लपवली, चीज सारखीच दिसते."

मी त्यांना बाईंची चिठ्ठी वाचून दाखवली, हिंगणघाटच्या शेतकऱ्यापर्यंत. तिथे मास्तरांनी चष्मा चढवला आणि चिठ्ठी माझ्या हातून घेऊन स्वतः वाचली. त्या माणसाला प्यादेमात येते का, असं विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, मग विचाराले पाह्यजे ना. मशीन पुन्हा सुरू करता करता त्यांनी सांगितलं की बोलवा त्याला, आणि त्या बाईलाही बोलवा, आणि पट कपाटातून काढून उन्हात टाका, बुरशी धरली असेल.

पंधरा दिवसांनी दुसरी भेट झाली. समितीला पत्र पोचलं होतं, खोली आमच्याकडे राहिली होती, त्यामुळे आता त्यांना बोलवायची गरजही नव्हती. तरी मी नवीन पानावर नऊ शंका लिहून तयार होते. सगळ्यात मोठी ही, की आता देशी डाव पाहिल्यावर बाई नियम लिहून काढतील, आणि लिहिले की तेच खरे होतील.

हिंगणघाटचे शेतकरी साठीचे, उंच, धोतर नेसलेले. त्यांनी मांजरपाटावर हात फिरवला, शिवण उलटी करून पाहिली आणि विचारलं, "हे कोनं शिवलं?" मास्तर म्हणाले, "बसा आधी." अकराच्या अकरा जण हजर होते. भिंतीला टेकून उभे राहिले होते.

अर्धा तास डाव शांतपणे चालला. मग पाहुण्यांनी राजा अडीच घरं उचलला.

"शह बसून गेला," मास्तर म्हणाले. "आता अडीच घर नाही."

"बसला होता, पन उतरला. आमच्याकडे शह उतरल्यावर चालते."

"इथं नाही चालत."

"माह्या आज्यापासून चालून राह्यलं."

"माह्या आज्यापासून नाही चालून राह्यलं."

खोलीत एकच गलका झाला. व्यापारी पाहुण्यांच्या बाजूने गेले, आमचे शेतकरी मास्तरांच्या. कोणीतरी म्हणालं, बाईला विचारा, त्यांनी दहा गावचा डाव पाहिला असेल. सगळे बाईंकडे वळले. मी वही उघडली आणि पेन काढलं. याच क्षणाची मी वाट पाहत होते. आता त्या सांगणार की खरा नियम अमुक, आणि पुढच्या वर्षी तो छापून येणार, खाली त्यांचं नाव.

"मला विचारू नका," बाई म्हणाल्या. "मी काही सांगितलं तर उद्यापासून तोच नियम होईल. तुमचा डाव आहे, तुम्ही ठरवा. मी चहा सांगून येते." आणि त्या खरोखर उठून बाहेर गेल्या. पिशवी खुर्चीवर तशीच होती.

मी पिशवीकडे पाहत होते. मास्तरांच्या ते लक्षात आलं. "पिशवी पळून नाही जात ताई," ते म्हणाले. "इकडं पाहा."

बाई दहा मिनिटं आल्या नाहीत. टपरी खोलीपासून वीस पावलांवर आहे. त्या मुद्दाम तिथे थांबल्या होत्या, आमचं मिटेपर्यंत. मिटवलं मास्तरांनीच. हा डाव पाहुण्याच्या नियमाने, पुढचा आपल्या. पाहुण्यांनी मान्य केलं. पहिल्या डावात मास्तर वरचढ होते, पण पाहुण्यांनी शेवटचा उंट असा काही पुढे टाकला की मारण्यावाचून मास्तरांना दुसरी खेळीच नव्हती. उंट गेला, राजा एकटा उरला, बुर्जी. मास्तर हसले. त्या खोलीत महिनाभर कोणी हसलं नव्हतं. "पक्का हाये हा," ते आम्हाला म्हणाले.

दुसऱ्या डावात त्यांनी पाहुण्यांचं एक अडकलेलं प्यादं शेवटपर्यंत सांभाळलं. तीनदा मारता येत होतं, तीनदा सोडलं. मग आपल्या प्याद्याने मात केली. पाहुण्यांनी पटाला हात लावून नमस्कार केला आणि असाच एक पट शिवून मागितला.

मास्तरांनी आपल्या पिशवीतून मापाची वही काढली, उलटी केली आणि सगळ्यांसमोर ती मात उतरवून घेतली. बाई लांबून पाहत होत्या. जवळ आल्या नाहीत, मोबाइल काढला नाही. मास्तरांनीच हाक मारली. "तुम्ही बी उतरून घ्या. उद्या मी नसलो आन वही हरवली, त एक तरी नागपुराले असन."

बाईंकडे कागद नव्हता. त्यांनी माझ्याकडे मागितला. मी निळ्या वहीचं मागचं एक पान फाडून दिलं. त्या वहीचं पान मी त्याआधी कधी फाडलं नव्हतं. त्यांनी पट आखला, सोंगट्या मांडल्या. मास्तरांनी तपासलं आणि हत्ती एक घर डावीकडे घ्यायला लावला. मग मी त्यांना खाली लिहायला सांगितलं: आर्णीच्या मंडळाकडून उतरवून घेतला. त्यांनी लिहिलं. तारीखही घालायला सांगितली. तीही त्यांनी घातली, काही न विचारता, आणि मी दोन्ही वाचून पाहिलं.

नियम आता माझ्याकडे दोन्ही लिहिलेले आहेत, आमचा आणि हिंगणघाटचा. मास्तरांनी सांगितलं होतं, "दोन्ही लिहा, पन आपला वरते." ते शेतकरी महिन्यातून एकदा येतात. नागपूरच्या बाई वर्षातून दोनदा येतात आणि कोपऱ्यात बसून पाहतात. दिग्रसच्या एका मंडळाला त्यांनी आमचा पत्ता दिला, आधी विचारून.

मी त्यांना दर जानेवारीत तेविसावा प्रश्न पुन्हा पाठवते. दोनदा उत्तर आलं, दोन्ही वेळा तेच: सांगता येत नाही. त्याच्यापुढे मी अजून बरोबरची खूण केलेली नाही आणि एवढ्यात करणारही नाही. कपाटाला मात्र कुलूप लावत नाही. पट वरच्या फळीवर घडी करून असतात आणि खोलीची किल्ली मास्तरांच्या दुकानात, कातरीशेजारच्या खिळ्याला.